आधीचा आजार लपवू नका, आजारी बाईला बाहेर ठेवू नका

(सावित्रीबाई फुले जयंतीनिमित्त ३ जानेवारीला भातकुली इथं आपल्या संघाचा महिला मेळावा झाला. त्यात संघाच्या आरोग्य समितीच्या ताईंनी केलेलं हे भाषण. बऱ्याच गटांनी मागणी केली म्हणून इथं देत आहोत. ताईंची बोली शक्य तितकी तशीच ठेवली आहे. – संपादक मंडळ)



मला सांगितलं होतं की ताई, आरोग्यावर बोला. मला वाटलं, पालेभाज्या खा, लोहाच्या गोळ्या घ्या, हे तर आशा ताई दर महिन्याला सांगतातच. मी आज दुसरं बोलणार आहे. मी विम्यावर बोलणार आहे, आणि त्यातही एका ओळीवर. ती ओळ विम्याच्या फॉर्मवर इंग्रजीत असते, 'प्री-एक्झिस्टिंग डिसीज'. म्हणजे आधीपासूनचा आजार. विमा काढायच्या आधीच जो आपल्या अंगात आहे तो. शुगर, बीपी, थायरॉइड, दमा, किडनीचा त्रास, गर्भपिशवीतली गाठ. आता मला सांगा, या मांडवात अशी किती घरं आहेत जिथं यातलं एकही नाही? हात वर करा. बघा, दोन हात. आणि त्यातल्या एका ताईनं शुगर कधी तपासलीच नसेल.

आधी माझी स्वतःची गोष्ट सांगते.

पोराच्या बाबांना २०१३ पासून शुगर आहे. २०१७ मध्ये आमच्याकडे एक ओळखीचा माणूस विम्याचा फॉर्म घेऊन आला. घरातलाच माणूस म्हणा. फॉर्म इंग्रजीत. त्यानंच भरला. मी चहा ठेवून बाहेर आले, तर तो यांना विचारत होता, 'काही आजार गिजार?' हे म्हणाले, 'शुगर आहे थोडी.' तो म्हणाला, 'भाऊ, ते नका लिहू. लिहिलं की हप्ता वाढते, नाहीतर कंपनी नाईच म्हणते. कोण पाहाले येते?' यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, 'बरोबर सांगून राह्यले ना ते, कायले लिहाचं?' बायांनो, मी गटाची सचिव होती तेव्हा. गटाच्या रजिस्टरमध्ये पाच रुपयाची खाडाखोड कुणी केली तर मी दंड लावत होती. आणि घरी मीच म्हटलं, कायले लिहाचं.

दोन वर्ष हप्ता भरला. २०१९ च्या पावसाळ्यात यांच्या छातीत दुखलं. रात्री गाडी करून अमरावतीला नेलं, समोर जो दवाखाना आला तिथं भरती केलं. अँजिओप्लास्टी करावी लागली. बिल झालं एक लाख पंच्याऐंशी हजार. आम्ही निवांत, की विमा आहे. तिथल्या डॉक्टरनं कागदावर लिहिलं, 'सहा वर्षांपासून मधुमेह'. त्यांनी खरं तेच लिहिलं, त्यांची काही चूक नाही. कंपनीनं तो कागद पाहिला, आमचा फॉर्म पाहिला, आणि पत्र आलं की तुम्ही माहिती लपवली, दावा नामंजूर, पॉलिसी रद्द. भरलेले हप्ते गेले. माझी पोत गहाण पडली, तूर शेतात असतानाच विकली, आणि बाकीचं आपल्या गटानं दिलं. गटानं मला त्या वेळी एक प्रश्न विचारला नाही. हे लक्षात ठेवा, मी शेवटी परत या गोष्टीवर येणार आहे.

पण याहून मोठी गोष्ट मला सहा महिन्यांनी कळली. आमच्याकडे केशरी रेशन कार्ड होतं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ते ऑपरेशन फुकट होत होतं. त्या योजनेत आधीचा आजार कुणी विचारतच नाही. शुगर सहा वर्षांची असो की सोळा वर्षांची. फक्त योजनेतल्या दवाखान्यात जावं लागते, आणि असा दवाखाना अमरावतीतच होता. आम्ही घाईत दुसऱ्या दवाखान्यात गेलो. खिशात खरा विमा होता तो आम्हाला माहीत नाही, आणि जो माहीत होता तो आम्हीच खोटं लिहून घालवला होता.

आता तुम्ही म्हणाल, कंपनी लबाड. मीही दोन वर्ष तेच म्हणत होती. पण कंपनी असं का करते हे आपल्याइतकं चांगलं कुणालाच समजणार नाही, कारण आपण गट चालवतो.

समजा आपल्या गटानं नियम केला, की कोणीही बाई कधीही येऊ शकते, ज्या दिवशी येईल त्या दिवशी कर्ज घेऊ शकते, आणि कर्ज नको असेल तेव्हा बचत भरायची गरज नाही. किती महिने चालेल गट? ज्याला गरज तोच येईल, बाकीच्या म्हणतील, आम्ही कायले भरू? पेटी रिकामी. म्हणून आपण काय करतो? दर आठवड्याला बचत सगळ्यांची. गरज असो नसो. जिला दहा वर्ष कर्ज लागलं नाही तीही भरते, आणि तिच्या पैशातून दुसरीच्या लेकराची फी जाते. विमा हाच आहे. निरोगी माणसाच्या हप्त्यातून आजारी माणसाचा खर्च निघतो. कंपनीला भीती अशी असते की लोक आजार झाल्यावरच विमा काढायला येतील. म्हणून ती आधीच्या आजारवाल्याला दारातच अडवते. एक तर नाही म्हणते, नाहीतर हप्ता वाढवते, नाहीतर म्हणते की थांब इतकी वर्ष.

कंपनीची भीती खोटी नाही. पण मग ज्याला आजार आहे त्यानं कुठं जायचं? ज्याला सगळ्यात जास्त गरज, त्यालाच दार बंद! यावर जगात दोनच उपाय निघाले. एक, कायदा करून कंपनीला सांगायचं की कुणालाच अडवायचं नाही, आणि निरोगी माणसानंही आत यायचं. दोन, सरकारनं स्वतः हप्ता भरायचा आणि सगळ्यांना आत घ्यायचं. अमेरिकेनं पहिला उपाय केला, आपण दुसरा.

अमेरिकेचं मला काय माहीत, म्हणाल. माझ्या नणंदेचा मुलगा तिकडे नोकरीला आहे. मागच्या दिवाळीत आला होता. त्याच्या बायकोला थायरॉइड आहे. मी आपली विचारलं, 'काय रे, तिकडे हिचा विमा देते का कंपनी?' तो म्हणाला, 'मामी, तिकडे आता आजार आहे म्हणून नाही म्हणताच येत नाही. पण त्याच्यासाठी लय भांडणं झाली.' मग त्यानं सांगितलं, मीही नंतर वाचलं, ते तुम्हाला थोडक्यात सांगते. त्यातून आपल्याला शिकायसारखं आहे.

तिकडे २०१० पर्यंत जो माणूस नोकरीतून नाही, स्वतःच विमा घेतो, त्याला कंपनी आधीचा आजार पाहून नाकारू शकत होती. आणि आजारात काय काय धरत होते माहीत आहे? गरोदरपणसुद्धा! बाई गरोदर आहे म्हणून विमा नाही. बाईला पुरुषापेक्षा जास्त हप्ता, फक्त बाई आहे म्हणून. काही राज्यांत तर नवऱ्यानं मारहाण केलेल्या बाईला त्या कारणानं विमा नाकारायला कायद्यानं मनाईच नव्हती. म्हणजे मार खायचा तिनं, आणि तो तिचाच दोष धरायचा. अमेरिका म्हणजे सगळं चकाचक असं आपल्याला वाटते, पण बाईचं दुखणं तिकडेही बाईच्याच नावावर.

२३ मार्च २०१० ला तिथले राष्ट्राध्यक्ष ओबामा यांनी कायद्यावर सही केली. त्याला लोक 'ओबामा केअर' म्हणतात. १ जानेवारी २०१४ पासून मोठ्या माणसांसाठी नियम लागू झाला, की आधीचा आजार आहे म्हणून कुणाला नाकारायचं नाही आणि जास्त हप्ताही लावायचा नाही. बाईला वेगळा हप्ता नाही. आणि त्याच्यासोबत आपल्या बचतीसारखाच नियम, की निरोगी माणसानंही विमा घ्यायचा, नाही घेतला तर दंड.

दंड कुणाला आवडते? पुष्कळ लोकांना राग आला. तरण्या माणसाचं म्हणणं, मी धडधाकट आहे, दुसऱ्याच्या आजाराचा हप्ता मी का भरू? हे म्हणणंही अगदीच फेकून देण्यासारखं नाही. ज्यांना सरकारची मदत मिळत नव्हती त्यांचे हप्ते खरोखर वाढले होते. त्यावर तिथले दोन पक्ष वर्षानुवर्षं भांडले. २०१७ मध्ये कायदा मोडायचा खरा प्रयत्न झाला. ४ मे ला खालच्या सभागृहात २१७ विरुद्ध २१३ मतांनी विधेयक पास झालं. त्यात राज्यांना सूट होती, की ज्या आजारी माणसाच्या विम्यात मधे खंड पडला त्याच्याकडून कंपनीला जास्त हप्ता घेऊ द्यायचा. आता खंड कुणाचा पडते? ज्याची नोकरी जाते, जो अंथरुणाला खिळते, त्याचाच.

मग गोष्ट वरच्या सभागृहात गेली. २८ जुलैच्या रात्री, मध्यरात्र उलटून गेल्यावर, छोटं केलेलं एक विधेयक मताला आलं. ते पडलं, ५१ विरुद्ध ४९. सत्ताधारी पक्षाच्या तिघांनी आपल्याच पक्षाच्या विरोधात मत दिलं. त्यातल्या दोघी बाया होत्या, सुसान कॉलिन्स आणि लिसा मुर्कोव्स्की. तिसरे जॉन मॅकेन, ज्यांना त्याच महिन्यात मेंदूचा कर्करोग असल्याचं कळलं होतं. एक मत इकडचं तिकडे झालं असतं तर निकाल बदलला असता.

त्याच वर्षी दुसऱ्या कायद्यानं तो दंड मात्र शून्य केला, २०१९ पासून. मग टेक्सास आणि इतर राज्यं कोर्टात गेली, की दंडच नाही तर सगळा कायदाच रद्द करा. १७ जून २०२१ ला तिथल्या सुप्रीम कोर्टानं सात विरुद्ध दोन अशा मतांनी सांगितलं, की तुम्हाला यात दावा लावायचा अधिकारच पोचत नाही. कायदा टिकला. पण भांडण संपलं नाही. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये याच विम्याच्या हप्त्याला मिळणाऱ्या सरकारी मदतीवरून वाद झाला आणि तिथलं सरकारी कामकाज ४३ दिवस बंद पडलं.

मी हे का सांगितलं? तर कायद्यात लिहिलेलं संरक्षणसुद्धा एका मतावर टांगलेलं असते. आणि ज्यांना आजार होता त्यांनी, त्यांच्या आयाबायांनी, सभेत उभं राहून आपापल्या प्रतिनिधीला विचारलं, 'माझ्या लेकराचं काय?' त्या लोकांनी आजार लपवला नाही, म्हणून ते विचारू शकले.

आता आपल्या इकडे या.

आपल्याकडे २००८ मध्ये राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजना आली. काही जुन्या ताईंना ते स्मार्ट कार्ड आठवत असेल, तीस रुपये भरून काढलेलं. वर्षाला तीस हजाराचं संरक्षण आणि आधीचा आजार पहिल्या दिवसापासून मान्य. पण एका कुटुंबात पाचच नावं. मग सहावं कोण राहायचं? म्हातारी सासू, नाहीतर धाकटी पोरगी. आपणच नावं लिहून दिली, आणि आपणच बाईचं नाव गाळलं.

२ जुलै २०१२ ला राज्याची राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली, सगळ्यात आधी फक्त आठ जिल्ह्यांत. त्या आठात आपला अमरावती होता! नोव्हेंबर २०१३ मध्ये ती राज्यभर गेली. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचं नाव मिळालं. आपल्या पट्ट्यातल्या चौदा आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांत, म्हणजे अमरावती, अकोला, यवतमाळ, वाशीम, बुलढाणा, वर्धा आणि मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांत, पांढऱ्या कार्डाच्या शेतकऱ्यालाही सातबारा दाखवून लाभ मिळू लागला. २३ सप्टेंबर २०१८ ला केंद्राची आयुष्मान भारत योजना आली. तिच्यात कुटुंबात किती माणसं यावर मर्यादा नाही, वयाची नाही, आणि आधीचा आजार पहिल्या दिवसापासून धरला जाते. १ एप्रिल २०२० पासून राज्याची आणि केंद्राची योजना एकत्र चालू लागली. आणि १ जुलै २०२४ पासून राज्यातल्या सगळ्या कुटुंबांसाठी, पिवळं, केशरी, पांढरं असं न पाहता, वर्षाला पाच लाखापर्यंतचं संरक्षण झालं. किडनी बदलायची असेल तर साडेचार लाखाची मर्यादा आहे. घरात सत्तर वर्षांच्या वरचं कुणी असेल तर त्यांचं वेगळं 'वय वंदना' कार्ड निघते, त्याला उत्पन्नाची अट नाही.

आपल्या तालुक्यात याची किंमत जास्त आहे. आपण खारपाणपट्ट्यातले. विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. आपल्या गावागावांत किडनीचे पेशंट आहेत, आठवड्यातून दोन-दोन, तीन-तीन वेळा डायलिसिसला जाणारे. अशा माणसाला कोणती खाजगी कंपनी नवीन पॉलिसी देईल? त्याच्यासाठी ही योजनाच आहे, डायलिसिस त्यात बसते.

पण हुरळून जाऊ नका. दोन गोष्टी स्पष्ट सांगते. एक, या योजनेत दवाखान्यात भरती होऊन घ्यायचे, यादीतले उपचारच येतात. महिन्याच्या बीपीच्या गोळ्या यात नाहीत, त्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून घ्यायच्या. दोन, आपल्या राज्यातलं हे सगळं शासन निर्णयावर चालते. आज शासनानं निर्णय घेऊन दिलं, उद्या दुसरा निर्णय घेऊन यादी लहान करता येते, दवाखाने कमी करता येतात. राजस्थाननं २०२३ मध्ये आरोग्याच्या हक्काचा कायदाच केला, असा कायदा करणारं ते पहिलं राज्य. आपल्याकडे तसा कायदा नाही. म्हणून मताला कोणी आलं तर रस्ता, पाणी यासोबत हेही विचारा, की आमच्या तालुक्याजवळ योजनेतले दवाखाने किती आहेत, आणि ते वाढवाल की कमी कराल?

आता कामाचं. कागद असेल त्यांनी लिहून घ्या.

पहिलं, घरातल्या प्रत्येकाचं आयुष्मान कार्ड. प्रत्येकाचं म्हणजे सुनेचं, तान्ह्या लेकराचं, सासूचं. नवीन सुनेचं नाव माहेरच्या रेशन कार्डावरच राहून जाते, मग ऐन बाळंतपणात, ऑपरेशनात अडचण येते. रेशन कार्डावर नाव, आधारवर तेच नाव, तेच स्पेलिंग. आजच पाहा.

दुसरं, योजनेतला दवाखाना आजारपणाच्या आधी माहीत करून ठेवा. १५५३८८ या नंबरवर फुकट विचारता येते. दवाखान्यात गेल्यावर पैसे भरायच्या आधी आरोग्यमित्राचं टेबल शोधा. 'योजनेतून करायचं आहे' असं पहिल्याच वाक्यात सांगा. आम्ही ते वाक्य बोललो नाही म्हणून पोत गेली.

तिसरं, बँकेतून वर्षाला ४३६ रुपये आणि २० रुपये कटतात, त्याला पुष्कळ जणी आरोग्य विमा समजतात. तो आरोग्य विमा नाही. ४३६ चा जीवन ज्योती विमा मृत्यू झाल्यावर, आणि २० चा सुरक्षा विमा अपघाती मृत्यू किंवा अपंगत्व आल्यावर. दोन्ही चांगले आहेत, चालू ठेवा. पण दवाखान्याचं बिल त्यातून निघत नाही.

चौथं, ज्यांना ऐपत आहे आणि खाजगी पॉलिसी घ्यायची आहे त्यांनी. सगळे आजार लिहा. पॉलिसीच्या आधीच्या तीन वर्षांत डॉक्टरनं सांगितलेला किंवा औषध चालू असलेला जो आजार, तो आधीचा आजार. आधी कंपनी अशा आजारासाठी चार वर्षांपर्यंत थांबवू शकत होती. १ एप्रिल २०२४ पासून विमा नियामकानं, म्हणजे इर्डानं, ती मुदत जास्तीत जास्त तीन वर्ष केली. नवीन पॉलिसी द्यायची की नाही, हप्ता किती, हे आजही कंपनी ठरवते, अमेरिकेसारखं आपल्याकडे नाही. पण लिहून दिलेला आजार एकदा मान्य केला, की तीन वर्षांनंतर त्याचे पैसे कंपनीला द्यावे लागतात. आणि पाच वर्ष न चुकता हप्ता भरला, तर माहिती लपवली या नावाखाली दावा नाकारता येत नाही, फसवणूक सिद्ध झाली तर गोष्ट वेगळी. आधी ही मुदत आठ वर्षांची होती.

आमच्या घरी त्या वेळी शुगर लिहिली असती, तर हप्ता थोडा वाढला असता. दोन वर्षांत शुगरमुळे झालेल्या दुखण्याचे पैसे कदाचित नसतेच मिळाले, हेही खरं आहे. पण पॉलिसी रद्द झाली नसती, आज ती पक्की झाली असती. आता यांना कोण देणार? हृदयात स्टेंट आहे.

फॉर्म कोऱ्या कागदावर सही करून देऊ नका. भरलेल्या फॉर्मची झेरॉक्स मागा आणि गावातल्या शिकलेल्या पोरीकडून वाचून घ्या. पॉलिसी हातात आल्यापासून तीस दिवसांच्या आत ती परत करता येते, त्या तीस दिवसांत वाचा. दावा नाकारला तर तोंडी उत्तर घेऊ नका, लेखी मागा. आधी कंपनीकडे लेखी तक्रार. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर १५५२५५ वर इर्डाकडे तक्रार करा, आणि विमा लोकपालाकडे जा. लोकपालाकडे फी लागत नाही, वकीलही लागत नाही. पण एक वर्षाच्या आत जायचं. मला हे माहीत नव्हतं. माझं वर्ष निघून गेलं होतं.

आता शेवटचं, जे सांगायला मला जड जाते.

मघाशी म्हटलं ना, की आमच्या वेळी गटानं मला एक प्रश्न विचारला नाही. त्याच्या दोन वर्षांनंतर आमच्या गटातल्या एका ताईला स्तनाचा कर्करोग निघाला. ऑपरेशन योजनेतून होणार होतं, पण नागपूरला येणंजाणं, राहणं, घरी लेकरांना पाहणारं माणूस, यासाठी तिनं वीस हजाराचं कर्ज मागितलं. बैठकीत कुणीच बोलेना. मग एक जण हळूच म्हणाली, 'पैसे बुडतीन वं. तिचं काही खरं नाई.' आणि मी सचिव म्हणून काय म्हटलं असेल? मी म्हटलं, 'पाहू पुढच्या बैठकीत.' तुम्हाला माहीत आहे, गटात 'पाहू पुढच्या बैठकीत' म्हणजे काय असते ते.

ती उठून गेली. रात्री मला झोप आली नाही. ज्या पत्रावर मी दोन वर्ष रडली, तेच पत्र मी तिला देऊन आली होती. कंपनीनं इंग्रजीत लिहिलं, मी वऱ्हाडीत बोलली, एवढाच फरक. आणि कंपनी तर मला ओळखत नव्हती. मी हिच्यासोबत नऊ वर्ष बचत भरली होती. ती आजारी नव्हती तेव्हा दर आठवड्याला तिचे पैसे पेटीत येत होते, आणि त्यातलेच पैसे माझ्या घरी आले होते. निरोगी होती तोवर तिनं भरलं, आणि आजारी पडली तेव्हा दार बंद!

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी अध्यक्षताईंकडे गेली. तातडीची बैठक लावली. दहा हजार गटानं दिले, दहा हजार ग्रामसंघाच्या जोखीम प्रवणता निधीतून, म्हणजे आपण ज्याला व्हीआरएफ म्हणतो त्यातून. पहिले सहा महिने हप्ता नाही असं ठरलं. ती ताई आज या मांडवात बसली आहे. नाव घेत नाही, पण हे सांगा असं तिनंच मला म्हटलं. तिनं ते कर्ज सहा महिन्यांनंतर चौदा महिन्यांत फेडलं. माझ्या घरचं कर्ज फेडायला मला अडीच वर्ष लागली होती, आणि मी धडधाकट.

सगळ्याच बाया अशा बऱ्या होऊन येतील असं नाही. एखादीचे पैसे बुडतीलही. पण आपण गट काढला तो बँकेला दाखवायला, की एकमेकीला धरायला? दशसूत्रीत आरोग्याचं सूत्र आपण दर बैठकीत म्हणतो. म्हणून आरोग्य समितीच्या वतीनं मी तीन ठराव मांडते. आज टाळ्या वाजवून मंजूर करू नका, आपल्या आपल्या ग्रामसंघात नेऊन चर्चा करा, आणि मग मंजूर करा.

एक, आजार आहे या कारणानं कुणाही बाईला गटात घेणं किंवा कर्ज देणं नाकारायचं नाही. परतफेड कशी करायची ते तिच्यासोबत बसून ठरवायचं.

दोन, प्रत्येक गटानं आपल्या सगळ्या सदस्यांची, त्यांच्या सासवा-सुना-लेकरांसह, आयुष्मान कार्डाची यादी करायची. कुणाचं नाही, का नाही, हे लिहायचं आणि महिन्याभरात पूर्ण करायचं.

तीन, व्हीआरएफमधला एक ठरलेला हिस्सा फक्त दवाखान्याच्या येण्याजाण्यासाठी बाजूला ठेवायचा. ऑपरेशन फुकट असते, एस.टी. आणि जेवण नसते.

आज सावित्रीबाईंची जयंती. १८९७ मध्ये पुण्यात प्लेग आला, लोक घरच्या आजारी माणसाला हात लावायला घाबरत होते, तेव्हा त्या माउलीनं एका आजारी लेकराला पाठीवर घेऊन दवाखान्यात आणलं. त्यातच तिला प्लेग झाला आणि १० मार्चला ती गेली. आपल्याला कुणी पाठीवर घ्यायला सांगत नाही. एवढंच आहे, की आजारी बाई बैठकीला आली तर सतरंजीवर थोडं सरकायचं आणि तिला जागा द्यायची.

आणि फॉर्मवर खरं लिहा बायांनो. बस, एवढंच बोलते.

जय जिजाऊ, जय सावित्री!